सात फ्रेमची पकड

"ताई, तू नुसती मारत सुटतेस," धाकटा भाऊ म्हणाला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून त्याने बोटं मोडली. त्या संध्याकाळचे अकरा गेम झाले होते आणि अकराच्या अकरा त्याने घेतले होते. बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते. त्याने फक्त निदान सांगितलं होतं.

खेळ होता 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली', २००१ सालचा, गेमक्यूबवरचा. तो फॉक्स हे पात्र घेतो, मी शीक. ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की इथे संपत जाणारा लाइफचा बार नसतो. मार बसला की पर्सेंटचा आकडा वाढतो आणि आकडा जितका मोठा तितकं पात्र पुढच्या फटक्याला लांब उडतं. स्टेजच्या पार बाहेर गेलं की एक स्टॉक, म्हणजे एक जीव, गेला. असे चार स्टॉक. उड्या, लाथा, तरंगते प्लॅटफॉर्म हे सगळं बघता बघता समजतं.

न समजणारी गोष्ट म्हणजे शील्ड. बटण दाबून धरलं की पात्राभोवती एक रंगीत फुगा येतो. धरून ठेवला तर हळूहळू लहान होतो, पण जोवर आहे तोवर लाथा-बुक्क्या त्याच्यावर आपटून वाया जातात. आणि वाया गेलेल्या लाथेनंतर जो क्षणभर अडकलेपणा असतो त्यात समोरचा तुम्हाला सोलून काढतो. भाऊ नेमकं हेच करत होता. मी धावत जायचे, मारायचे, तो फुग्यात बसलेला असायचा, मग माझी वरात निघायची.

यावरचा उतारा साधा आहे. मार शील्डला हरतो, शील्ड पकडीला हरतं, पकड माराला हरते. दगड-कागद-कात्रीच. मला हे कित्येक वर्षं माहीत होतं. माहीत असणं आणि हातात असणं यात किती अंतर असतं हे त्या रात्री कळलं, कारण मी चार गेमचे रिप्ले काढून बसले आणि मोजलं. स्लिपी या मेलीच्या सॉफ्टवेअरवर खेळलेला प्रत्येक गेम आपोआप जतन होतो, त्यामुळे पुरावा नाकारता येत नाही. त्या चार गेममध्ये मी ग्रॅब, म्हणजे पकड, केला होता तीनदा. त्यातले दोन हुकले होते. तिसरा लागला तेव्हा मलाच इतकं आश्चर्य वाटलं असावं की थ्रो करायच्या, म्हणजे फेकायच्या, आत तो सुटून गेला.

कारण शोधायला गेले तर ते अगदी क्षुल्लक निघालं: बोट. गेमक्यूबच्या कंट्रोलरवर ग्रॅबचं बटण झेड. ते एकच, उजव्या बाजूला, आर या दट्ट्याच्या पुढ्यात बसवलेली एक जांभळी पातळ पट्टी. माझी तर्जनी कायम आर वर, कारण शील्ड तिथे. ग्रॅबसाठी ती उचलून पुढे सरकवायची आणि परत आणायची. मारायच्या गडबडीत मेंदू ही सरकवासरकव टाळतो आणि अंगठा असतो तिथेच ए, म्हणजे माराचं बटण, दाबून मोकळा होतो. म्हणजे मी शील्डवर मारत होते ते डोकं न वापरल्यामुळे, हे खरंच. पण डोक्याच्या आधी बोटाने निर्णय घेतलेला असायचा.

पहिले काही दिवस मी फक्त बोट सरकवलं. टीव्ही बंद, हातात कंट्रोलर, आर-झेड-आर-झेड. घरच्यांना वाटलं मी काहीतरी दुरुस्त करतेय.

मग धावत जाऊन ग्रॅब करायला लागले आणि नवीनच भानगड समोर आली. मेलीमध्ये धावताना सरळ झेड दाबलं तर जो ग्रॅब निघतो तो उभ्या ग्रॅबपेक्षा उशिरा लागतो, आणि हुकला तर सावरायलाही जास्त वेळ घेतो. उभा ग्रॅब शीकचा, आणि बऱ्याच पात्रांचा, सातव्या फ्रेमला लागतो. खेळ सेकंदाला साठ फ्रेमने, साठ चित्रांनी, चालतो, म्हणजे एका सेकंदाच्या आठव्या-नवव्या हिश्शात. धावता धावता हा उभा ग्रॅब हवा असेल तर एक चोरवाट आहे: उडी मारायची, पण पूर्ण मारायची नाही. उडीचं बटण दाबल्यावर पाय जमिनीवरून सुटण्याआधी पात्र क्षणभर गुडघ्यात वाकतं. त्या वाकण्यात झेड दाबलं की उडी रद्द होते आणि उभा ग्रॅब निघतो, वर धावण्याच्या वेगाने पात्र जरासं घसरत पुढेही जातं. याला सगळे जेसी, म्हणजे जंप कॅन्सल, ग्रॅब म्हणतात. शीकचं वाकणं तीन फ्रेमचं. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. बाउझर या पात्राचं आठ फ्रेमचं असतं. त्या वेळी मला बाउझर खेळणाऱ्यांचा हेवा वाटायचा, बाउझर खेळण्यात हेवा वाटण्यासारखं दुसरं काही नसलं तरी.

सराव असा: रिकामी स्टेज, समोर एक ढिम्म उभं पात्र, मी धावत जाणार. घाई केली की साधा धावता ग्रॅब, लोंबकळत पुढे जाणारा. उशीर केला की शीक सरळ हवेत, आणि अंगठ्याने कंट्रोलरची काठी पुढे दाबलेली असल्यामुळे हवेत जाऊन ती समोर हात फिरवायची, जणू माशी मारतेय. बरोबर जमलं की ती चटकन थांबायची आणि पकडायची. या तिन्हींत बोटांना जाणवणारा फरक सुरुवातीला शून्य होता. फरक कळला तो कानाला. एक्स, म्हणजे उडीचं बटण, आणि झेड यांचे दोन आवाज वेगवेगळे ऐकू आले तर उशीर झालेला असायचा. दोन्ही मिळून एकच जोडाक्षर वाटलं, 'ट्क' असं, की जमायचं. मी डोळे मिटून 'ट्क'चा रियाज केला. तीन आठवडे गेले, दहातले आठ जमू लागले, आणि मी मोठ्या ऐटीत भावासमोर बसले.

पहिल्याच गेममध्ये पाच ग्रॅब लागले. भावाची भुवई वर गेली. तरीही तोच जिंकला, कारण पकडल्यावर पुढे काय, याचा मी विचारच केला नव्हता.

निन्टेंडो ६४ वरच्या १९९९ च्या मूळ खेळात थ्रो दोनच होते, पुढे आणि मागे. मेलीने वर आणि खाली हेही दिले, शिवाय पकडून ठेवलेल्याला गुद्दे घालायची सोय केली, जिला पमेल म्हणतात. चार दिशा आल्या आणि थ्रो हा नुसता 'लांब फेकून दे' राहिला नाही. तो एखाद्या वाक्याची सुरुवात झाला. भावाच्या फॉक्सचं वाक्य मला पाठ होतं, माझ्यावरच रोज लिहिलं जायचं: वर फेकायचं, पाठोपाठ उडी मारून वरच्या दिशेची शेपटीची झेप, अप थ्रो आणि अप एअर. माझा आकडा मोठा असला की यात स्टॉक जातो. त्या अप एअरचे दोन हिट असतात. पहिल्या हिटला काठी बाहेरच्या बाजूला खटकन हलवली तर दुसऱ्यातून सुटता येतं, असं म्हणतात. म्हणजे येतंच, मला दहातून दोनदा येतं.

शीकचं वाक्य खाली फेकण्याने सुरू होतं. ती समोरच्याला जमिनीवर आडवा टाकते आणि वरून टाच हाणते. हळू पडणारी जी पात्रं आहेत ती यानंतर किंचित वर उचलली जातात आणि शीक त्यांना पुन्हा पकडू शकते, पुन्हा टाच, पुन्हा पकड. ही साखळी काही पात्रांवर इतकी निर्दय चालायची की युरोपातल्या आवृत्तीत हा थ्रो बदलण्यात आला. पण फॉक्स दगडासारखा खाली येतो. तो वर उचलला जात नाही, तिथेच जवळ आपटतो. आपटण्याआधीच्या वीस फ्रेममध्ये त्याने शील्डचं बटण दाबलं असेल तर तो न लोळता उठतो, त्याला टेक म्हणतात. टेक तीन प्रकारचा: जागेवर, डावीकडे लोळत किंवा उजवीकडे लोळत. बटण दाबायचं चुकलं तर तो आदळून पडून राहतो. असे चार रस्ते, आणि चारही रस्त्यांवर त्याला पुन्हा गाठायचं आणि पुन्हा पकडायचं. टेक चेस.

मी अंदाज करायला लागले. भाऊ घाबरला की डावीकडे लोळतो, असा माझा सिद्धांत होता. थ्रो केला की मी लगेच डावीकडे धाव घ्यायचे. चारात एकदा बरोबर यायचं, आणि त्या एकदाच्या जोरावर मी स्वतःला फार हुशार समजायचे. उरलेल्या तीनदा मी रिकाम्या जमिनीला मिठी मारत असायचे. उभा ग्रॅब हुकला की जवळपास अर्धा सेकंद हात तसेच राहतात, आणि अर्ध्या सेकंदात फॉक्स काय काय करतो ते सांगत बसत नाही.

एकदा वैतागून मी आकडे मांडले. जागेवर केलेला टेक २६ फ्रेमचा. त्यातल्या पहिल्या २० फ्रेममध्ये त्याला हातच लावता येत नाही. उरल्या सहा. माझा ग्रॅब सातव्या फ्रेमला लागतो, म्हणजे साधारण १५ ते २० या फ्रेमच्या दरम्यान बटण दाबलं गेलं पाहिजे. माणसाला डोळ्याने काही दिसून हात हलायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे पंधरा फ्रेम. जेमतेम बसतं! लोळणारा टेक ४० फ्रेमचा, त्यात वेळ भरपूर, पण अंतर कापायचं असतं. थोडक्यात, अंदाज करायची गरजच नव्हती. बघून पकडता येत होतं. फक्त बघेपर्यंत काहीही करायचं नव्हतं.

हे 'काहीही करायचं नव्हतं' मला किती जड गेलं! थ्रो संपतो तेव्हा बोटं शिवशिवत असतात. पकड साधल्याचा आनंद असतो, तो कुठेतरी पळायला लावतो. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तू दाबूच नकोस. नुसतं सांग मी कुठे गेलो ते." आणि आमचा तो खुळा खेळ सुरू झाला. मी पकडायची, खाली फेकायची आणि दोन्ही अंगठे बटणांवरून उचलायची. तो टेक करणार आणि मी तोंडाने म्हणणार: जागेवर, डावी, उजवी, पडला.

पहिल्या दिवशी मी पटापट सांगत होते. बरीच उत्तरं बरोबरही येत होती. तो गप्प बसला, आणि मग सलग सहा वेळा उजवीकडेच गेला. मी म्हणाले: डावी, जागेवर, उजवी, डावी, डावी, जागेवर. 

"तू बघून सांगत नाहीयेस," तो म्हणाला. "आधी ठरवतेस आणि मग बघतेस."

काही बोलायला जागाच नव्हती. पुढे लक्षात आलं की थ्रो झाल्यावर मी शीककडे बघत असायचे, स्वतःच्याच पात्राकडे. तिची टाच खाली येताना बघायला मजा यायची, आणि ती मजा संपेपर्यंत फॉक्स अर्धा लोळून झालेला असायचा. नजर आधीच तिकडे, जमिनीवर तो जिथे आपटणार त्या ठिगळावर, नेऊन ठेवायची. शीक कुठे आहे ते डोळ्याच्या कडेला दिसतंच. आठवड्याभराने असं व्हायला लागलं की शब्द माझ्या तोंडून निघायचा आणि तो मीच ऐकायचे, जणू शेजारी कुणी बोललं. तेव्हा भाऊ म्हणाला, "आता दाब."

आणि दाबल्यावर सगळे ग्रॅब उशिरा. सगळे! लोळला तर गाठता यायचा, जागेवर उठला की दरवेळी माझे हात हवेत. मी दोन दिवस वयाला दोष दिला. मग भावाला शंका आली ती टीव्हीची. आमचा सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी स्वतःशीच काहीतरी शिजवत बसतो, बटण दाबणं आणि दिसणं यात काही फ्रेमची गळती होते. सिनेमा बघताना ती कुणाला कळत नाही. सहा फ्रेमच्या खिडकीत मात्र तीन फ्रेम गेल्या तर खिडकी उरतेच किती? मेलीवाले अजूनही ते जुन्या टीव्हीचे जाडजूड काचेचे डबे का सांभाळतात याचं कोडं तेव्हा सुटलं. मी आजवर त्याला हौशी खुळेपणा समजत होते. असा एक डबा आम्ही मिळवला, दोघांनी मिळून उचलून आणला, त्यात माझं नख तुटलं, आणि जागेवरचा पहिला टेक मी त्या संध्याकाळी पकडला. एक. पुढचे चार हुकले. पण तो एक डोळ्याने पकडलेला होता, नशिबाने नव्हे, हा फरक पोटात कळतो.

पडून राहिल्यावर काय, हे मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. आडव्या पडलेल्या पात्राला अगदी हलका गुद्दा मारला की ते नाइलाजाने जागेवर उभं राहतं, आणि उभं राहीपर्यंत तुम्ही त्याची वाट बघत असता. जॅब रीसेट. गरिबाला लोळायचीही मुभा नाही.

लोभाचा एक धडा याच काळात मिळाला. पकडल्यावर पमेल घालत राहावंसं वाटतं, आकडा वाढताना दिसतो ना. पण मेलीत समोरच्याचे पर्सेंट कमी असताना पकड फार टिकत नाही. आकडा वाढेल तशी ती लांबते. शिवाय पकडलेला माणूस बटणं आणि काठी जितकी बडवेल तितका लवकर सुटतो. भाऊ बडवतो तेव्हा कंट्रोलरचा असा कडकडाट होतो की मला दरवेळी तो फुटेल असं वाटतं. सुरुवातीच्या पर्सेंटला मी दोन पमेल घालायला जायचे आणि तो सुटून उलट मलाच मारायचा. आता मी बहुतेक वेळा एकच घालते, मोठा आकडा असला की. तोही आकड्यासाठी नाही. पमेल बसला की तो घाबरून बडवायला लागतो, आणि बडवणाऱ्या हाताला थ्रोच्या क्षणी काठी नेमक्या दिशेला धरून ठेवता येत नाही. थ्रो कुठे जाणार हे फेकला जाणाराही काठी धरून थोडंफार ठरवतो. ते ठरवणं त्या धांदलीत राहून जातं. हा डाव माझा मी शोधला असं मला बरेच दिवस वाटत होतं. खेळणाऱ्या कुणालाही विचारा, त्याला तो आधीपासून ठाऊक असतो.

भाऊ काही स्वस्थ बसला नव्हता. ग्रॅबची भीती बसल्यावर त्याने फुग्यात बसणं कमी केलं. मी धावत आले की तो जागच्या जागी उडी मारायचा, किंवा नेमक्या क्षणी स्पॉट डॉज करायचा, म्हणजे अंग चोरून एका क्षणासाठी अस्पर्श व्हायचा. आता मला धावत जाऊन थांबायला शिकावं लागलं. ग्रॅब येणार असं दाखवायचं, तो उडाला की खालून मारायचं. गंमत म्हणजे ग्रॅब न करता मला ग्रॅबचा फायदा मिळू लागला, आणि माझ्या लाथा, ज्यांच्यापायी मी बोलणी खाल्ली होती, त्या पहिल्यांदाच धडाधड लागायला लागल्या.

दरम्यान मला एक वाईट सवय लागली, ती सांगायलाच हवी. शील्डमध्ये असताना ए दाबलं तरी ग्रॅब निघतो. त्यामुळे कुणी माझ्या शील्डवर मारलं की मी ताबडतोब पकडायचे. नवशिक्यांवर हे इतकं सुंदर चालतं की माणूस बिघडतो. भाऊ आधी माझ्या पुढ्यात उतरायचा, मी पकडायचे. मग तो मला ओलांडून पाठीमागे उतरायला लागला. ग्रॅब फक्त तोंडासमोर जातो, मी भिंतीकडे हात पसरून उभी. मी वळायला शिकले, तर त्याने शाइन काढली, म्हणजे अंगाभोवती क्षणभर चमकणारा फटका. फॉक्सची शाइन पहिल्याच फ्रेमला लागते. तो जमिनीजवळ येईपर्यंत थांबून लाथ मारतो, उतरण्याच्या सात फ्रेम आधीपर्यंत बटण दाबून उतरण्याचा अडकलेपणा निम्मा करतो, आणि लगेच शाइन. या लाथेच्या आणि शाइनच्या मध्ये सात फ्रेम नसतातच. मी शील्डमधून हात बाहेर काढणार आणि शाइन त्या हातावर बसणार, हे ठरलेलं. तरी मी कितीतरी दिवस पकडत राहिले, कारण त्याचा हात कधी कधी चुकायचा आणि तेव्हा मला घबाड मिळायचं. चुकीची सवय अशीच जगते, अधूनमधून मिळणाऱ्या घबाडावर.

एका छोट्या स्पर्धेत मला पकडीची दुसरी बाजू दिसली. समोर मार्थ होता. मार्थची तलवार सगळे बघतात, पण मला मारलं ते त्याच्या हाताने. त्याच्या ग्रॅबचा पल्ला इतका लांब आहे की आपण सुरक्षित अंतरावर उभे आहोत असं वाटत असतानाच गळपट्टी त्याच्या मुठीत असते. मी फुग्यात बसले, पकडली गेले. फेकली गेले, काठाशी आले, घाबरून पुन्हा फुग्यात बसले, पुन्हा पकडली गेले. तिसऱ्या वेळी मला स्वतःचं हसू आलं. मी तंतोतंत माझ्या भावासारखी खेळत होते, महिन्यांपूर्वीच्या. तो मुलगा शांतपणे, तोंडावरची रेष न हलवता, माझे दोन्ही गेम घेऊन गेला. नंतर मी त्याला विचारलं की तू अंदाज करतोस की बघतोस. तो म्हणाला, "तुम्ही शील्ड धरण्याआधी मागे सरकता, ते बघतो." मी मागे सरकते हे मला माहीतही नव्हतं. रिप्लेत पाहिलं तर दरवेळी, अगदी दरवेळी, पाऊल मागे.

त्याच स्पर्धेत शेजारच्या टीव्हीवर आइस क्लाइंबर्स ही दोघांची जोडी घेऊन खेळणारा एकजण होता आणि त्याला आधीच बजावून ठेवलं होतं की वॉबलिंग चालणार नाही. एकाने पकडून ठेवायचं, जोडीदाराने ठरावीक लयीत ठोके घालत राहायचं, आणि पकडलेल्याची सुटका नाही, आकडा कितीही चढवा. ज्या खेळाडूच्या नावावरून हा प्रकार ओळखला जातो तो वॉबल्स, २०१३ च्या इव्हो या मोठ्या स्पर्धेत आइस क्लाइंबर्स घेऊनच दुसरा आला होता. पुढे बऱ्याच स्पर्धांनी त्यावर बंदी आणली. बंदी बरोबर की चूक यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर बघणाऱ्याला ते कंटाळवाणं आहे, एवढं कारण मला पुरतं.

भाऊ मधूनच मला चिडवायला म्हणतो, "चल, अल्टिमेट खेळू, तिथे तुझी साखळी चालत नाही." अल्टिमेट हा स्मॅशचाच नंतरचा भाग, आणि तिथे खरंच चालत नाही. २०१४ च्या भागापासून एकदा सुटलेल्याला लगेच पुन्हा पकडता येत नाही, मध्ये थोडा काळ जावा लागतो. २०१८ च्या अल्टिमेटमध्ये तर शील्डवर मार बसल्यावर तिथून ग्रॅब करायला गेलं की चार फ्रेम वाढीव लागतात, म्हणजे माझ्या त्या वाईट सवयीवर कुणीतरी दंडच बसवून ठेवलाय. मी त्याला 'रायव्हल्स ऑफ इथर' या याच धाटणीच्या खेळाचं नाव सांगते. २०१७ च्या त्या खेळात ग्रॅब नव्हता, कारण शील्डच नव्हतं; पकडायला कुणी फुग्यात बसलेलंच नाही तर पकड हवी कशाला. २०२४ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा दोन्ही एकदम आले. जुळ्यांसारखे. अल्टिमेटमध्ये लुईजी या पात्राने पकडून मला चार वेळा शून्यापासून थेट वर पोचवल्यावर मी परत मेलीकडे आले, आणि त्याबद्दल मला जराही लाज वाटत नाही.

गेल्या आठवड्यातला गेम. दोघांचा शेवटचा स्टॉक, मी ८० च्या पुढे, तो ९० च्या आसपास. तो प्लॅटफॉर्मवरून खाली उतरला, आणि मी धावत येताना दिसल्यावर जुन्या सवयीने फुग्यात गेला. ट्क. शीक घसरत पुढे गेली आणि पकडलं. एक पमेल, त्याच्या कंट्रोलरचा कडकडाट सुरू झाला. खाली फेकला. माझी नजर जमिनीवर गेलेली होती, अंगठा मोकळा. तो उजवीकडे लोळला, काठाच्या दिशेने. मी दोन पावलं धावले, पुन्हा पकडला, पुन्हा खाली. आता मागे काठ, लोळायला एकच बाजू उरलेली, म्हणजे तो आत येणार असं कुणीही म्हटलं असतं. मी सुद्धा म्हटलं असतं, पूर्वी. तो जागेवर उठला, आणि मला ते दिसलं. तिसऱ्यांदा पकडला, काठाबाहेर फेकला, मागून उडी मारून हवेतच हात फिरवला. तोच हात, जो तीन आठवडे माश्या मारत होता. फॉक्स आडवा उडाला आणि स्क्रीनच्या बाहेर गेला.

भावाने कंट्रोलर खाली ठेवला. "हे चालणार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तू मोठ्याने बोलतेस. 'उजवी' म्हणालीस, 'जागेवर' म्हणालीस. मला ऐकू येतं, माझी तंद्री मोडते."

मी बोलले होते हे मला आठवतच नव्हतं. पण आईही आतून म्हणाली की हो, बोललीस. तेव्हापासून आमच्याकडे खेळताना तोंड उघडायचं नाही असा नियम झाला आहे. मी नुसते ओठ हलवते, आणि तो मध्येच स्क्रीन सोडून माझ्या ओठांकडे बघतो. त्या वेळी त्याला पकडणं फारच सोपं जातं.